भंगार पिक्चर मजेत कसा बघायचा, केबिनमध्ये शिकलेलं

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. म्हणला मामा, तुमचं ऐकून आम्ही रूमवर चार जण एक जुना भुताचा पिक्चर लावून बसलो, पहिली दहा मिनिटं पोट धरून हसलो, अर्ध्या तासात दोघं झोपले, एक मोबाईलमध्ये गेला, मग मीपण बंद केला. तुम्ही लोकं अडीच-अडीच तास एवढे मजेत कसे काय बघता, आणि आम्ही सुरुवात नेमकी कुठून करायची? फोनवर त्याला दोन-चार नावं सांगितली, पण नुसती नावं सांगून हे जमत नाही हे मला फोन ठेवतानाच कळत होतं. म्हणून आता निवांत बसून सगळं लिहितोय.

आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही गोष्ट बघत बसलात म्हणून झोप आली. गोष्टीत काय ठेवलंय, हवेली आहे, शाप आहे, शेवटी त्रिशूळ आहे, दहाव्या मिनिटाला सगळं कळतं. मजा आहे ती पिक्चर बनवणाऱ्यांकडे बघण्यात. कुठे पैसा संपला, कुठे ऊन उतरलं, कुठे नट आलाच नाही आणि तरी शॉट घेतला, हे दिसायला लागलं की अडीच तास कमी पडतात. ही नजर सवयीने येते, आणि मला ती कशी आली ते सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

मी सोलापुरात एका सिंगल स्क्रीन टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये वीस-बावीस वर्षं काढली, आधी हेल्पर, मग ऑपरेटर. दिवसाला चार खेळ, आठवड्याला अठ्ठावीस. पिक्चर चालला तर तोच पुढच्या आठवड्यात परत अठ्ठावीस वेळा. केबिनमधून डोळा हलवून चालत नाही, कारण 1000 फुटाचं रीळ म्हणजे फक्त 11 मिनिटं, दोन मशीन शेजारी शेजारी, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो, पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्या ठिपक्याला पलटी मारायची, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या मशीनचं चित्र आणायचं, चुकलात की खालून शिव्या. त्यामुळे कितीही रद्दड पिक्चर असला तरी बघावाच लागायचा. आणि मग असं व्हायचं की पहिल्या दिवशी गोष्ट दिसायची, दुसऱ्या दिवशी नट दिसायचे, आणि तिसऱ्या दिवसापासून नटांच्या मागची भिंत दिसायला लागायची. दार आपटलं की भिंत हलते. दगडी तळघराची भिंत, आणि कापडासारखी हलते. त्या दिवशी मी केबिनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो आणि पुढच्या तीनही खेळांना त्या शॉटची वाट बघत बसलो. आमचे हेड ऑपरेटर म्हणले, "काय बे, एकटाच काय हसलालास?" त्यांना दाखवलं तर ते म्हणले, "ते सोड, हिरोचं घड्याळ बघ, रात्रीचे बारा म्हणतंय आणि घड्याळात सव्वाचार." त्या माणसाकडून मी खूप शिकलो. चांगला पिक्चर कसा बघायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, पडेल पिक्चर बघायला त्यांनी शिकवलं.

आता भंगार म्हणजे सगळंच भंगार चालतं का? अजिबात नाही. इथेच लोकं चुकतात. काही पिक्चर नुसते कंटाळवाणे असतात, मोठे स्टार, मोठा पैसा, आणि कुणाचंच लक्ष नाही, त्यात बघण्यासारखं काही नसतं कारण कमी काहीच पडलेलं नसतं, फक्त आळस केलेला असतो. दुसरे आजकाल निघतात ते मुद्दाम वाईट केलेले, आम्ही किती वाईट करतोय बघा असं डोळा मारत, ते पण मी बघत नाही. ज्याने जीव तोडून पिक्चर काढलाय, ज्याला खरोखर वाटत होतं की लोकं खुर्चीत घाबरून आकसतील, आणि खिशात पैसे होते एका रबरी मुखवट्यापुरते, तो पिक्चर आपला. इरादा डोंगराएवढा पाहिजे आणि साधन चिमूटभर. जेवढी ही दरी मोठी तेवढं हसू मोठं, आणि त्या हसण्यात हेटाळणी नसते. कधीकधी तर नुसतं कौतुकच असतं.

आमच्या गड्ड्यावर, म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर जी जत्रा भरते तिथे, लहानपणी भूतबंगल्यात जायचो. आत काय असायचं, पुठ्ठ्याचा सांगाडा, लाल बल्ब, आणि काळा कपडा घातलेला एक पोरगा मागून पाय ओढायचा. बाहेर आलं की सगळे हसायचे, आणि परत तिकीट काढायचे. पुठ्ठा आहे हे आत जातानाच ठाऊक असायचं. हे ज्याला कळलं त्याला हे पिक्चर लगेच कळतात.

आता नजर कशी बसवायची ते सांगतो, हाच खरा भाग आहे म्हणून जरा लांबण लागेल.

पहिलं बघा रात्र. कमी पैशाच्या पिक्चरात रात्रीचं शूटिंग परवडत नाही, त्याला मोठे लाईट लागतात, जनरेटर लागतो, युनिटला डबल शिफ्टचे पैसे लागतात. मग दुपारीच शूट करायचं, लेन्सचं तोंड बारीक करायचं, निळी काच लावायची, आणि उरलेला अंधार लॅबमध्ये प्रिंट गडद करून आणायचा. मोठमोठ्या पिक्चरांत पण हे करतात, पण ते आभाळ फ्रेममध्ये येऊ देत नाहीत. आपल्या पिक्चरात आभाळ येतं. पांढरं स्वच्छ आभाळ, जमिनीवर काळीकुट्ट सावली, आणि हिरॉइन कंदील घेऊन चाललीये. एकदा हे ओळखता आलं की प्रत्येक स्मशानात तुम्ही आधी सावली शोधता, सावलीवरून वेळ काढता, आम्ही गच्चीवर मिळून पिक्चर बघतो तिथे तर पैजा लागतात की हा शॉट सकाळी अकराचा का दुपारी तीनचा. एक मात्र केबिनवाल्याच्या अनुभवाने सांगतो, कार्बनच्या कांड्या जाळून उजेड देणाऱ्या जुन्या मशीनचा उजेड कमी पडायचा, खरोखर रात्री घेतलेले सीन आमच्या पडद्यावर नुसते काळे दिसायचे आणि पिटातनं, म्हणजे पुढच्या स्वस्त सीटांवरनं, आरडाओरडा व्हायचा. ही दुपारची रात्र मात्र शेवटच्या रांगेपर्यंत नीट दिसायची. तेव्हा तिला नावं ठेवताना मी दहा वेळा विचार करतो.

दुसरं, आवाज. त्या काळी जे कॅमेरे परवडायचे ते चालताना मशीनगनसारखे वाजायचे, जागेवर रेकॉर्ड केलेला आवाज कामाचा नसायचा, म्हणून सगळं मागाहून स्टुडिओत डब व्हायचं. मोठ्या बॅनरकडे डबिंगला वेळ असतो. छोट्या निर्मात्याकडे अर्धा दिवस, आणि तोपर्यंत एखाद्या नटाचं पैशावरून वाजलेलं असायचं, तो यायचाच नाही. मग दुसऱ्याचा आवाज. कान लावून ऐका, एकाच पिक्चरात पुजारी, इन्स्पेक्टर आणि म्हातारा नोकर तिघांना एकच गळा असतो. आणि कोणी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असेल तर त्याच्या तोंडी वाट्टेल तेवढं बोलणं घालता येतं, एडिटिंगला बसल्यावर गोष्टीत भोक दिसलं की ते पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून बुजवायचं. पाठ दिसली की कान टवकारायचे, तिथे हमखास एखादं वाक्य येतं ज्याने आधीचा अर्धा तास जुळवून घेतलेला असतो. बाकी आवाज ठरलेले, तोच कोल्हा, तीच वीज, तेच करकरणारं दार. दार तर लोखंडी असो नाहीतर काचेचं, करकरणार लाकडासारखंच.

तिसरं म्हणजे दोरा. हा माझा सगळ्यात आवडता विषय. आपल्याकडे ट्रिक सीनचे बाप म्हणजे बाबूभाई मिस्त्री. 1937 च्या ख्वाब की दुनिया मध्ये त्यांनी अदृश्य माणूस दाखवला, मागे काळा पडदा, वस्तूंना काळा दोरा, आणि वस्तू आपोआप हलतात. लोकं इतकी चाट पडली की त्यांचं नावच काला धागा पडलं. पुढे त्यांनी पौराणिक पिक्चरांत जे चमत्कार केले ते आजही बघण्यासारखे आहेत. पण तीच युक्ती घाईत आणि दिवसाउजेडी केली की वटवाघळाच्या पाठीवर दोरी दिसते. आता यातली गंमत ऐका. आमच्याकडे प्रिंट यायची ती आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्यांत, अशी पन्नास ठिकाणी घासून आलेली असायची, त्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा, आणि त्या रेघांत दोरा लपून जायचा. तेव्हाच्या पब्लिकला वटवाघूळ खरंच उडताना दिसायचं. आता त्याच पिक्चरची साफ केलेली कॉपी मोबाईलवर बघता आणि दोरा लख्ख दिसतो. म्हणजे बनवणाऱ्याने प्रिंटचे चरे गृहीत धरून काम केलं असेल का काय असं मला कधीकधी वाटतं, निदान आमच्या सोलापूरच्या पडद्यावर तरी त्याचं काम फत्ते झालेलं मी डोळ्याने बघितलंय.

चौथं, उसना शॉट. विमान, वाघ, महापूर, लढाई, हे छोट्या निर्मात्याला परवडत नाही, मग दुसरीकडचा तुकडा आणून जोडायचा. ओळखायचा कसा? एका प्रिंटवरून दुसरी निगेटिव्ह, त्यावरून परत प्रिंट, असं करताना चित्रातले दाणे मोठे होतात आणि काळं-पांढरं जास्त भडक होतं. म्हणून हिरो गुळगुळीत दिसतो आणि त्याच्यावर झेप घेणारा वाघ रवाळ दिसतो. हिरो उडी मारतो चौकड्याच्या शर्टात आणि नदीत पडतो भलताच माणूस. माझ्या बायकोचं लक्ष यात माझ्यापेक्षा तल्लख आहे, ती चपलांवरून पकडते.

एवढ्या चार गोष्टी डोक्यात ठेवून बसलात तरी तुमचा पहिला पिक्चर झोपेत जाणार नाही. बाकी मुखवट्याची मागची चेन, मेल्यावर श्वास घेणारी प्रेतं, आरशात दिसणारा लाईटवाला, हे आपोआप सापडत जातं.

आता कुठून सुरुवात करायची. मी सगळ्यांना रामसे बंधूंपासून करायला सांगतो, आणि लगेच हेही सांगतो की त्यांना भंगार म्हणू नका, ते या दुनियेत शिरायचं दार आहेत. वडील एफ. यू. रामसे यांचं फाळणीच्या आधी कराचीत रेडिओचं दुकान होतं, मग मुंबईत आले. 1970 साली एक नन्ही मुन्नी लडकी थी नावाचा पिक्चर काढला, तो पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या एका सीनला पब्लिक परत परत येत होतं हे पोरांनी थिएटरात उभं राहून बघितलं, आणि त्यातून सातही भावांनी भुताच्या पिक्चरांचा धंदा उभा केला. 1972 ला दो गज ज़मीन के नीचे आला, त्याचं शूटिंग आपल्या महाबळेश्वरला झालं. सेट नाही, स्टार नाही. तुलसी आणि श्याम डायरेक्शनला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साऊंडला, घरातल्या बायका स्वयंपाकाला आणि मेकअपला, म्हणजे एखाद्या घरचं लग्न असावं तसा पिक्चर काढायचे. 1984 च्या पुराना मंदिर पासून बसा. त्यातला सैतान सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, पडद्यावर नाव अजय अग्रवाल, हा माणूस शिकलेला इंजिनिअर, उंची आणि चेहराच असा की मुखवट्याची गरज फारशी लागली नाही. मधेच विनोदी नट जगदीपचा शोलेच्या नकलेचा वेगळाच पिक्चर चालू होतो, भाच्या तुम्ही लोकं तिथे पळवता, पळवू नका, कारण पब्लिकला दोन सीन घाबरवलं की एक सीन श्वास घ्यायला द्यायचा हा त्यांचा हिशोब होता आणि पिटात तो हिशोब बरोबर लागू पडायचा. लाल-निळे लाईट, धूर, खिडकीतून येणारा वारा, यात मेहनत दिसते. हे बघून झालं की मग त्यांची नक्कल करणारे बघा, मोहन भाकरी, विनोद तलवार यांचे, म्हणजे रामसेंनी काय केलं होतं ते कळतं. तोच धूर, पण धूर सोडणारा माणूस फ्रेमच्या कडेला खोकतोय.

दुसऱ्या दिवशी भूत नको, अंतराळ लावा. 1967 चा चांद पर चढाई, दारा सिंग चंद्रावर जातो. लक्षात घ्या, खरा माणूस चंद्रावर उतरला जुलै 1969 मध्ये, म्हणजे आपले दारा सिंग दोन वर्षं आधी जाऊन तिथल्या लोकांशी कुस्ती खेळून आले. मी लहान असताना वडिलांनी मंगळवेढ्याकडच्या एका जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये दारा सिंगचा एक पिक्चर दाखवला होता, वाळूत बसून, मधे कनात, एका बाजूला बायका एका बाजूला पुरुष, जनरेटरचा आवाज पिक्चरपेक्षा मोठा. दारा सिंगने दगड उचलला तेव्हा सगळा तंबू उभा राहिला होता. तो दगड लुकणाचा आणि कागदाचा होता हे मला आज दिसतं, खाली ठेवताना तो उडी मारतो. पण दारा सिंगच्या चेहऱ्यावर जे ओझं आहे ते शंभर किलोचं आहे, आणि ते खोटं वाटत नाही.

बाहेरचे बघायचे असतील तर तिसऱ्या दिवशी 1953 चा रोबोट मॉन्स्टर. तासाभराचा आहे म्हणून नवशिक्याला बरा. डायरेक्टरला यंत्रमानव पाहिजे होता, पैसे नव्हते, ओळखीत एक जण होता ज्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता, मग त्यालाच बोलावलं आणि डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण. झाला यंत्रमानव. चार दिवसांत शूटिंग संपलं. आणि त्याच्या गुहेत साबणाचे फुगे सोडणारं मशीन ठेवलंय, ते तिथे का आहे हे पिक्चरात नीट कळत नाही, पण त्या मशीनच्या कंपनीचं नाव टायटलमध्ये आहे. मग अमेरिकन डायरेक्टर एड वुडचा प्लॅन नाईन फ्रॉम आऊटर स्पेस. बेला लुगोसी हा मोठा नट, 1956 ला वारला, त्याचे थोडेच शॉट घेतलेले होते. एड वुडने काय करावं, बायकोच्या ओळखीतला एक हाडवैद्य आणला, तो लुगोसीपेक्षा चांगला उंच, आणि त्याला सांगितलं की झगा तोंडावर धरून फिर. पूर्ण पिक्चर तो माणूस कोपर वर करून फिरतो. पैसा एका चर्चच्या लोकांकडून आणला आणि त्यासाठी काही नटांनी बाप्तिस्मा घेतला. मी या माणसाला मानतो. ज्याच्याकडे हिरो मेलेला आहे, पैसा देणारा पाद्री आहे आणि तरी शनिवारी शूटिंग आहे, तो माणूस दुसरं काय करणार?

एक धोक्याची सूचना. मॅनोस, द हँड्स ऑफ फेट, 1966 चा, याचं नाव सगळ्या वाईट पिक्चरांच्या यादीत वर असतं, पोरं ते नाव बघून तोच आधी लावतात आणि मरतात. टेक्सासमधल्या एका खत विकणाऱ्या माणसाने काढलेला, कॅमेरा चावीचा, एका वेळी 32 सेकंदांच्या वर चालायचाच नाही, आणि सगळ्यांचे आवाज दोन-चार लोकांनी मिळून डब केलेले. ऐकायला मस्त वाटतं, बघायला अवघड आहे. तो दहा पिक्चर झाल्यावर बघा. आपल्या हरिनाम सिंगचा शैतानी ड्रॅक्युला पण तसाच, 2006 चा, दिवसाढवळ्या झुडपांतून मुखवटे फिरतात आणि ड्रॅक्युला स्वतः डायरेक्टर. तयारीशिवाय लावलात तर वीस मिनिटांत रूम रिकामी होईल.

आणि गुंडा. 1998, डायरेक्टर कांती शाह, हिरो मिथुन. थिएटरात आला आणि गेला, नंतर इंजिनिअरिंगच्या होस्टेलांनी सीडीवर डोक्यावर घेतला. बशीर बब्बरचे डायलॉग, प्रत्येक व्हिलन येतो तो यमक जुळवूनच बोलतो, असं वाटतं तमाशातल्या बतावणीत शिरलोय. भाषेसाठी तो एकदा ऐकण्यासारखा आहे हे मी मान्य करतो. पण स्पष्ट बोलतो, त्यातले बाईवरच्या अत्याचाराचे सीन मला सहन होत नाहीत, त्यात विनोद काही नाही, तिथे मी पिक्चर पुढे ढकलतो आणि आमच्या गच्चीवर बायका-पोरं असताना तो लागत नाही. त्या काळातल्या पुष्कळ पडेल पिक्चरांत हे आहे, भुताच्या पिक्चरांत पण. पैसा कमी होता म्हणून मुखवटा वाईट झाला हे मी समजून घेतो, पण हे सीन पैसा कमी होता म्हणून आलेले नाहीत, तिकीट खपायला मुद्दाम घातलेले आहेत. तेवढं वेगळं ओळखा आणि त्याला हसू नका.

आता बसायचं कसं. एकट्याने बघू नका, पहिले दहा तरी नाही. पाच-सहा जण बरे, दहाच्या वर गेले की गोंगाट होतो आणि डोळे बारीक गोष्टी सोडतात. आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर बसतो, सोलापूरचं ऊन माहितीये, गच्ची रात्री साडेनऊशिवाय बसण्याजोगी होत नाही, तीन बादल्या पाणी मारायचं, चादरी टाकायच्या, भिंतीला पांढरा कपडा. खायला चुरमुरे, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, कुरकुर वाजणारं खाणं चालतं कारण पिक्चरमध्ये शांतता नसतेच. पहिली पंधरा मिनिटं कोणी बोलायचं नाही हा नियम पाळा. लोकं पहिल्या मिनिटापासून कॉमेंट मारायला लागतात, मग आपलेच जोक ऐकत बसतात आणि पिक्चर राहतो बाजूला, तुमच्या रूमवर हेच झालं असणार. पंधरा मिनिटं त्या पिक्चरला त्याच्या म्हणण्याप्रमाणे चालू द्या, घाबरवतोय तर थोडं घाबरून घ्या, मग बोला. गाणी पळवायची नाहीत, गाण्यात कपडे आणि जागा सगळ्यात जास्त बदलतात, हिरो कडव्यात उटीला असतो आणि धृपदाला मुंबईच्या मढ आयलंडला. सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं सुरुवातीला ते थांबवून वाचा, त्यावर किती रिळं ते लिहिलेलं असतं, आणि कॉपी किती मिनिटांची आहे ते बघितलं की मधलं किती गायब झालंय त्याचा अंदाज येतो. इंटरनेटवरच्या कॉपीत पुष्कळदा वीस-वीस मिनिटं गायब असतात आणि लोकं डायरेक्टरला शिव्या देतात की मधेच हे कुठून आलं.

यावरून एक खरी गोष्ट सांगतो. नव्वदच्या आसपास आमच्याकडे एक भुताचा पिक्चर लागला होता, रिळांची पेटी उशिरा आली, एस्टीने, पहिल्या खेळाला दहा मिनिटं राहिलेली. पाठवणाऱ्याने डब्यांवरचे नंबर चुकीचे टाकले होते, आम्हाला तपासायला वेळच नव्हता. झालं असं की भूत आठव्या रिळात जळून मेलं आणि नवव्यात हवेलीच्या दारात उभं. केबिनमध्ये आमच्या पोटात गोळा आला. मॅनेजर धावत वर आले. खाली हजारभर माणूस, शहराच्या पूर्व भागातले, कापडाच्या मागावर काम करणारे मागवाले, पगाराचा दिवस, तेलुगू, कन्नड, मराठी सगळं मिसळलेलं पब्लिक. मी भोकातून खाली बघितलं, कोणी उठलं नाही, शिट्टी नाही, खुर्ची तोडली नाही. इंटर्वलनंतर आलेला एक जण शेजारच्याला विचारत होता, मेलेलं परत कसं आलं म्हणून, तर तो म्हणला, "भूत हाय बे, एकदा मारून मरतंय का?" रात्रीच्या खेळाला आम्ही रिळं नीट लावून पिक्चर दाखवला. सरळ क्रमाने. खरं सांगतो, दुपारचा जास्त रंगला होता.

त्या पब्लिककडून मी शेवटचं शिकलो ते हे की पिक्चरला मदत करायची असते. जिथे त्याचं कमी पडतं तिथे आपण आपल्या पदरचं घालायचं. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस पैसे देऊन आत आलाय, तो खोट काढायला आलेला नाही, त्याला तीन तास मिळवायचेत, आणि त्यासाठी तो पिक्चरला हाताला धरून पुढे नेतो. भाच्या, तुम्ही पिक्चरची परीक्षा घेत बसलात. तो नापास होणारच आहे, ते पाच मिनिटांत कळतं, मग उरलेले दोन तास काय करणार?

नवीन मुलांना अजून एक सांगतो, पिक्चर संपल्यावर एक शॉट निवडा आणि परत बघा. एकच. आम्ही प्रत्येक शनिवारी निवडतो. गेल्या शनिवारी एका पिक्चरात, नाव सांगत नाही, तुम्ही शोधा, हिरॉइन हवेलीतल्या मोठ्या आरशासमोर केस विंचरत बसलीये आणि मागून भुताचा हात येतो. सगळे हात बघतात. आमच्यातल्या एका पोरीने थांबवायला सांगितलं. आरशाच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीबाहेर, एक माणूस उभा आहे, अंगात बनियन, दोन्ही हातांनी चंदेरी कागद लावलेला रिफ्लेक्टर डोक्यावर धरलेला, त्याच्यावरून ऊन आत हिरॉइनच्या गालावर पडतंय. तीन वेळा मागे घेऊन बघितला. तो ना हिरॉइनकडे बघतोय ना भुताकडे, मान वर करून आभाळाकडे बघतोय, ढग कुठपर्यंत आला ते.